सौभद्रात अर्जुन बाईने आणि सुभद्रा पुरुषाने केली तर पट्टी कशी जुळवायची?

रेडीकर विचारतात:

रामनवमीच्या उत्सवात देवळापुढच्या मांडवात 'संगीत सौभद्र' घ्यायचं ठरतंय. गळ्याची पुरुष मंडळी कामाधंद्यासाठी मुंबई-गोव्यात. गावात राहिलेल्यांत अर्जुनाची पदं पेलणारी एक बाई आहे, ती काळी ४ मध्ये गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा. सुभद्रेसाठी दशावतारात स्त्रीपार्ट करणारा एक मुलगा तयार आहे. गळा गोड, पट्टी काळी २. म्हणजे नायिका नायकापेक्षा खाली गाणार. दोघांना एकाच पट्टीत आणावं की आपापल्या पट्टीत गाऊ द्यावं? साथीला पायपेटी (पायाने भाता चालवायचा ऑर्गन), तबला आणि दोन स्टँड माइक. मिशी-दाढी, नऊवारी यांबद्दलही सांगा. गंमत म्हणून करायचं नाहीये, प्रयोग नीट उभा राहायला हवा.

---

ऑर्गनवाला

पयलो मुद्दो पट्टीचो, बाकी सगळां मागसून.

'सौभद्र' रंगभूमीवर आलं १८८२ मध्ये आणि सुभद्रा होते भाऊराव कोल्हटकर. नायक पुरुष, नायिकाही पुरुष. १९२१ च्या 'संयुक्त मानापमाना'तही धैर्यधर केशवराव भोसले आणि भामिनी बालगंधर्व. नायक-नायिकेच्या पट्टीतलं आजचं मोठं अंतर स्त्रिया रंगमंचावर आल्यानंतरचं आहे. त्यामुळे सुभद्रा पुरुषाने गाण्यात नाटकाच्या घडणीविरुद्ध काहीच नाही. तुमच्याकडे अवघड काम आहे ते अर्जुनाचं.

दोघांना एका पट्टीत आणायचंच तर पांढरी ३ किंवा ४ हाच पर्याय उरतो, आणि तिथे दोघांचंही नुकसान होतं. पांढरी ४ मध्ये तार गंधार (वरच्या सप्तकातला ग) घेताना मुलगा ओरडेल. पांढरी ३ मध्ये मंद्र धैवताच्या (खालच्या सप्तकातल्या ध च्या) खाली बाईंच्या आवाजात नुसती हवा उरेल, आणि पायपेटीपुढे ती ऐकूही जाणार नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: आपापल्या पट्टीत गाऊ द्या. या नाटकात बहुतेक पदं एकेकट्याची आहेत, मध्ये गद्य आहे. बाईंनी फार तर काळी ३ पर्यंत उतरावं. तेवढ्याने आवाजाला वजन येतं आणि गळाही मोकळा राहतो.

पट्टी बदलताना घात होतो तो षड्ज देण्यात. पद सुरू व्हायच्या दोन वाक्यं आधी पायपेटीवर नव्या पट्टीचा सा-प हलका धरून ठेवायचा, संवाद त्यावरच चालू द्यायचे. ऐन वेळी सूर दिला की नट आधीच्या पट्टीतच तोंड उघडतो. पायपेटीला स्केलचेंजर (पट्टी सरकवायची सोय) नसतो, तेव्हा वादकाची बोटं काळी २, ३ आणि ४ या तिन्हींत बसलेली हवीत. स्केलचेंजरची हातपेटी वापरणार असाल तर पट्टी सरकवताना एकही सूर दाबलेला नको.

आणि दशावतारी नटाबद्दल एक कळकळीची सूचना. त्याला संहिता नसते, रंगात आला की तो संवाद वाढवतो. तिथे ती त्याची ताकद आहे. इथे पदाआधीचं वाक्य बदललं तर पेटी आणि तबला दोघेही चुकतात. प्रत्येक पदाआधीची शेवटची दोन वाक्यं त्याच्याकडून शब्दशः पाठ करून घ्या. बाकी गद्यात थोडं सैल चालेल.

---

तबलजी_सावंतवाडी

दोन पट्ट्या म्हणजे चार तबले नकोत. काळी २ चा तबला सुभद्रेला षड्जात लागतो आणि बाई काळी ४ मध्ये गायल्या तर तोच त्यांचा पंचम होतो. एकाच तबल्यावर निम्मं नाटक निघेल. पंचम वर्ज्य असलेल्या रागातल्या पदाला मात्र तो खटकेल. तेवढ्यासाठी काळी १ चा दुसरा तबला लावून शेजारी ठेवा, काळी ४ ला तो मध्यम होतो. बाई काळी ३ ला उतरल्या तर हा हिशेब मोडतो, म्हणून आधी त्यांची पट्टी कायम करा, मग तबले काढा.

मांडवात संध्याकाळनंतर दमट हवेने पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडते. अंक संपला की पडद्यामागे सूर तपासा.

---

रंगपट_मालवण

मिशीबद्दल. एकसंध मिशी गाणाऱ्या नटाला लावू नका. 'आ'कार लांबला की वरचा ओठ ताणला जातो आणि मधला भाग सुटतो. क्रेपचे केस दोन तुकड्यांत लावा, नाकाखालची खाच मोकळी ठेवा, आणि ओठाच्या कडेपासून ३-४ मिलिमीटर वर कापा. त्वचा आधी स्पिरिटने पुसायची, तिथे क्रीम किंवा बेस लावायचा नाही. स्पिरिट गम पातळ लावून चिकट होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबा, मग ओलसर फडक्याने दाबा. किनाऱ्यावर एप्रिलमध्ये घामाने टोकं आधी सुटतात, तेव्हा विंगेत गम आणि ब्रश घेऊन एक माणूस बसवा. काढताना खोबरेल तेल लावून भिजू द्या, ओढू नका. सुदैवाने अर्जुन पुढे संन्यासवेषात आहे. भगव्या वस्त्रात खांदे, छाती सगळं झाकतं. दाढी मात्र हनुवटीच्या खालून लावा, जबड्याच्या सांध्यावर नको.

छाती सपाट दिसावी म्हणून क्रेप बँडेज आवळून बांधण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. गाणाऱ्या बाईला ती अजिबात नको. बरगड्या फुलत नाहीत, श्वास अपुरा पडतो आणि तान मधेच तुटते. अंगाबरोबर बसणारी स्पोर्ट्स ब्रा, वर सैल अंगरखा आणि आडवं उपरणं एवढं पुरे.

नऊवारीत उंच मुलाची अडचण लांबीची नसते, ९ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, ते पुरतात. अपुरा पडतो तो पन्हा (रुंदी), आणि काष्टा घोट्याच्या वर चढतो. ४८ इंचांहून मोठा पन्हा शोधा. गाठ बेंबीखाली दोन बोटं, नाहीतर त्याचाही श्वास अडकेल. ठुशी, तन्मणी माइकजवळ वाजतात. तुमचे स्टँड माइक असल्याने त्रास कमी, पण कॉलर माइक आलाच तर तो गंगावनाच्या (जोडकेसांच्या) पुढच्या कडेला लपवा.

---

रेडीकर

पट्टीचं ठरलं: काळी २ आणि काळी ४. गद्याचं काय? मुलगा दशावतारात बारीक आवाज काढून बोलतो.

---

ऑर्गनवाला

तो बारीक आवाज इथे सोडायला सांगा. गद्य चोरट्या आवाजात आणि पद मोकळ्या आवाजात आलं की एकाच नाटकात दोन सुभद्रा दिसतात. बोलणं त्याच्या पदाच्या षड्जाच्या आसपास ठेवा, वाक्याची शेवटची अक्षरं सोडू देऊ नका, लय किंचित संथ. स्त्रीत्व उभं राहायला पदर, मान आणि नजर पुरतात आणि ते त्याला आधीच येतं. बाईंच्या बाबतीत उलट करा. अर्जुन म्हणून आवाज मुद्दाम जाड करू नका, तासाभरात गळा बसतो. वाक्याचा शेवट खाली आणून ठामपणे थांबवायचा, एवढंच.

नारदासाठी पुरुष मिळत नसेल तर तोही दुसऱ्या एखाद्या बाईला द्या. हातात वीणा-चिपळ्या, मिशी लागत नाही, काळी ४ मध्ये त्याची पदं छान चमकतात. घटोत्कचाला मात्र ताकदीचा माणूस घ्या. झोपलेली सुभद्रा त्याला उचलून न्यायची आहे आणि ती सत्तर किलोची असणार. उचलायची तालीम नऊवारी नेसवूनच घ्या, काष्ट्यात हात अडकतो.