कायटोसानेझ मण्यांवर बसवलं, तिसऱ्या फेरीला मण्यांचा गोळा!

अर्धी_पीएचडी:
कायटोसान म्हणजे साखरेच्या एककांची लांब साखळी; ती तोडून पाच-सहा एककांचे तुकडे (ऑलिगोमर) हवेत. तोडणारं एन्झाइम, म्हणजे कायटोसानेझ, स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूचं, जीएच४६ नावाच्या एन्झाइम-कुळातलं, ई. कोलायमध्ये बनवलेलं. अमिनो गट असलेल्या सच्छिद्र सिलिकाच्या मण्यांना ग्लुटारल्डिहाइड हे जोडणारं रसायन लावून त्यावर बसवलंय. पातळ ॲसिटिक आम्लात १ टक्का कायटोसान, पीएच ५.६. तेच मणी पुन्हा पुन्हा वापरतेय. पहिली फेरी झकास. दुसरीत काम निम्म्यावर. तिसरीत मणी एकमेकांना चिकटून गोळा, आणि टीएलसीवर (तुकडे लांबीनुसार वेगळे दाखवणारी पट्टी) सगळे दोन-तीन एककांचे डायमर-ट्रायमर. गाईड म्हणतात, एन्झाइम मरतंय, जनुक बदलून जास्त टिकाऊ म्युटंट करा. त्यात चार महिने घालवण्याआधी विचारतेय. खरंच मरतंय का?

काचनळी:
म्युटंट थांबवा. एन्झाइम बहुधा ठणठणीत आहे, त्याचं तोंड बुजलंय.

ग्लुटारल्डिहाइड कशाला पकडतं? एन्झाइममधल्या लायसिनच्या अमिनो गटाला. आणि कायटोसान म्हणजे काय? नखशिखांत अमिनो गट! एन्झाइम बसल्यावर मण्यांवर जे अल्डिहाइड मोकळे उरले, ते तुमचा कच्चा मालच धरून ठेवतायत. पीएच ५.६ला बरेचसे अमिनो गट प्रोटॉन घेऊन बसलेले असतात म्हणून हे सावकाश होतं, पण होतं. एकच लांब साखळी दोन मण्यांना धरते, की झाला गोळा. एन्झाइम बसवल्यावर मणी ग्लायसिनमध्ये भिजवून उरलेले अल्डिहाइड बंद करा. बोरोहायड्राइडनं बंध पक्के करता येतात, पण जपून, थंडीत आणि थोडा वेळ; त्यात प्रथिनाचा आकार धरणारे डायसल्फाइड बंधही तुटू शकतात.

डायमरचं दुखणं वेगळं. या कुळातल्या नावाजलेल्या एन्झाइमची, म्हणजे एन१७४ची, साखळी धरणारी खाच सहा एककांची आहे. हेक्सामर (सहा एककांचा तुकडा) मिळाला की त्याचे मुख्यतः दोन ट्रायमर करते. म्हणजे तुम्हाला हवा तोच माल त्याचं खाद्य! त्यात सच्छिद्र मणी: आत शिरलेला तुकडा बाहेर पडेपर्यंत पुन्हा पुन्हा कापला जातो. छिद्रं नसलेले मणी घ्या, कॉलम भरा, द्रावण भरभर पुढे काढा. रात्रभर ढवळत ठेवाल तर डायमर-ट्रायमरच मिळणार.

हिस्टॅगवाला:
ग्लुटारल्डिहाइड सोडून निकेलच्या मण्यांवर हिस-टॅगनं (एन्झाइमच्या टोकाला जोडलेली, निकेल पकडणारी हिस्टिडिनची शेपटी) का बसवत नाही? तोंड एकाच दिशेला राहील.

काचनळी:
पीएच ५.६ला? हिस्टिडिन प्रोटॉन घेतं, पकड सुटते. वर कायटोसान स्वतः धातू ओढतं. मी हे करून पाहिलंय, कॉलमचा हिरवा रंग मालाबरोबर निघून गेला. दिशाच हवी असेल तर सेल्युलोजला चिकटणारं डोमेन (प्रथिनाचा तुकडा) एन्झाइमच्या शेपटीला जोडा आणि मणी सेल्युलोजचे घ्या, किंवा खाचेच्या पाठीमागच्या बाजूला लायसिन वाढवा. गाईडना जनुकाशी खेळायचंच असेल तर इथे खेळू दे.

टीएलसी_रात्रपाळी:
काम निम्म्यावर हे डीएनएसनं (साखळ्यांची टोकं रंगावरून मोजणारी चाचणी) मोजलंत ना? त्याच्या अल्कलीत न तुटलेलं कायटोसान साका होऊन बसतं. सेंट्रिफ्यूज न करता ५४० नॅनोमीटरला वाचलंत तर आकडा गढूळपणाचा. आणि डीएनएस टोकं मोजतं, लांबी नाही. माल्डीवर (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) सोडियमसकट १००७च्या आसपास शिखर दिसलं, तर तो हेक्सामर.

अर्धी_पीएचडी:
दोन आठवड्यांनी परत आले. ग्लायसिननंतर पाचव्या फेरीलाही मणी सुटे. गळतीही तपासली: मणी गाळून काढले, तर उरलेल्या द्रावणात तोडणं तिथेच थांबलं. डीएनएस मात्र मी खरंच सेंट्रिफ्यूज न करता वाचत होते, त्यामुळे पहिल्या फेरीचा तो "झकास" आकडाही आता संशयात.

डायमर अजून जास्तच आहेत. छिद्रं नसलेले मणी मागवलेत. गाईडना सेल्युलोजचं डोमेन आवडलंय. आता म्हणतात, ही कल्पना त्यांचीच होती.