घरी दोघंच, आणि कुत्र्याची जबाबदारी ताईवर?

खिडकीतली सीट
आमच्या शाळेच्या ग्रुपवर परवा एका मैत्रिणीने भलीमोठी पोस्ट टाकली. नवरा-बायको कामावर, मे महिन्याची सुट्टी, घरी तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि बीगल. ताई आंघोळीला गेली तेवढ्यात धाकट्याने शिऱ्यासाठी आणलेल्या मनुकांचा डबा काढून 'एक तुला, एक मला' केलं. मग ओकाऱ्या, डॉक्टर, दोन दिवस सलाईन, अकरा हजार. शेवटची ओळ: "मोठी असून लक्ष नाही. मोबाइल महिनाभर जप्त." खाली नुसत्या टाळ्या. तिथे गप्प बसले, बोरिवली ते चर्चगेट दातओठ खात आले, आता इथे लिहिते.

पोरीने केलं काय, तर आंघोळ. मनुका, द्राक्षं कुत्र्याच्या किडनीवर जातात हे आईबाबांना डॉक्टरांच्या टेबलापाशी कळलं, असं तीच लिहिते. चाळिशीतल्या दोघांना जे ठाऊक नाही त्याची शिक्षा तेराव्या वर्षी? पालिकेचं लायसन्स कोणाच्या नावावर आहे? ताईच्या नक्कीच नसणार.

मी लालबागची. बारा वर्षांची होते, भाऊ आठचा. विसर्जनाच्या दिवशी आम्ही दोघंच घरी. भावाने दार उघडं टाकलं आणि फटाक्यांनी बिथरलेला मोत्या साखळीसकट पळाला. मार मला पडला. तिसऱ्या दिवशी मोत्या आपणहून आला, एका कानाला गुलाल, साखळी तशीच फरफटत. ते तीन दिवस घरात माझ्याशी कोणी धड बोललं नव्हतं. भावाला विचारलं तर म्हणतो, मोत्या कधी पळाला होता?

गिरगावचा नाना
एवढं रडायला काय झालं? आम्ही सहा भावंडं, आई शाळेत शिक्षिका, कोणी कोणाला सांभाळलं नाही. शिवाय टॉमी. तो आजारी पडला तर मी आणि थोरला भाऊ त्याला गोणपाटात गुंडाळून परळच्या बैलघोड्याला, म्हणजे जनावरांच्या हॉस्पिटलात, घेऊन गेलो. टॅक्सीवाले थांबेनात, शेवटी एक हातगाडीवाला भेटला. माझं वय अकरा. हल्ली तेरा वर्षांची मुलगी म्हणजे बाहुली का?

खिडकीतली सीट
नाना, चाळीत तुम्ही एकटे होतात कधी? गॅलरीत वीस खोल्यांचे चाळीस डोळे. मी मोत्याला नुसती पोळी टाकली तरी संध्याकाळी आईला तिसऱ्या खोलीतून रिपोर्ट जायचा. ही पोरं सोळाव्या मजल्यावर, सेफ्टी डोअर लावून. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते त्यांना पार्सलवरच्या नावावरून कळतं.

लसूणचटणी
माझं काम कायद्याशी, म्हणून बोलते. मूल कितव्या वर्षी एकटं ठेवावं याचं ठरावीक वय आपल्याकडे कायद्यात नाही. पण बाल न्याय कायदा, २०१५ मधलं कलम ७५ मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं, आणि ते मुलाचा ताबा असलेल्या माणसाला लागतं. ताईला नाही. या प्रकरणात ते लागत नाही, आधीच सांगते, नाहीतर नाना अंगावर येतील. कुत्र्याच्या बाजूने बघायचं तर १९६० चा प्राणी क्रूरता कायदा, पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. दोन वडापाव खाल्ले की संपला दंड. कायद्याच्या भरवशावर राहू नका, डबा वर ठेवा.

मधलाच
मी मधला भाऊ. ताईने मार खाल्ला, धाकट्याचे लाड झाले, मला कोणी विचारलंच नाही. माझा पण धागा काढा कोणीतरी.

पट्टा आणि पिशवी
मुद्द्याचं कोणी बोलत नाहीये. मुलांनी कुत्रा सांभाळायचा तर त्याला खाली न्यावं लागतं. आमच्या सोसायटीत नोटीस आहे, कुत्र्यांना लिफ्ट बंद. बाराव्या मजल्यावरून माझी मुलगी दिवसातून दोनदा जिने उतरते. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच सांगितलंय की अशी बंदी घालता येत नाही. कमिटीला कागद दाखवला तर म्हणाले, जनरल बॉडीत ठराव झालाय.

जिन्याचा कठडा
आलं, लिफ्ट आलीच. आमच्याकडे परवानगी दिली. पावसाळ्यात ओला लॅब्रेडॉर, त्यात अकरा वर्षांचा पोरगा पट्टा धरून, आईबाप ऑफिसात. दार उघडल्याबरोबर कुत्र्याने उडी घेतली, माझी आई लॉबीत आडवी. खुबा मोडला, ऑपरेशन, पाच महिने वॉकर. तुमचं मंडळ आलं होतं का बेडपॅन द्यायला?

पट्टा आणि पिशवी
आईंचं वाईट वाटलं. पण एका कुत्र्यावरून माझ्या मुलीला जिने का? तुमच्यासारख्या लोकांमुळेच कमिट्या माजतात.

जिन्याचा कठडा
'तुमच्यासारख्या' म्हणजे कोण? मी कमिटीत नाही, मला कुत्री आवडतात, आणि आजही आई लिफ्टचं दार उघडलं की भिंतीला चिकटते. तुमची पिशवी नावातच दिसतेय, आमच्या कंपाउंडमध्ये कोणाच्या हातात दिसत नाही.

पट्टा आणि पिशवी
रोज दोन पिशव्या नेते. फोटो पाठवू?

गिरगावचा नाना
कृपा करा, नको. १८३२ मध्ये याच मुंबईत इंग्रजांनी भटकी कुत्री मारायला घेतली म्हणून पारशांनी बाजार बंद पाडले, दंगल झाली. तेव्हा निदान लिफ्टचा प्रश्न नव्हता.

खिडकीतली सीट
धागा कुत्र्याचा, प्रवास लिफ्टने. कठडा, एक विचारू? तो अकरा वर्षांचा पोरगा... त्याचं काय झालं?

जिन्याचा कठडा
काय होणार. आईला ॲम्ब्युलन्समध्ये घालेपर्यंत तो पट्टा मनगटाला गुंडाळून तिथेच उभा होता, हात निळा पडलेला. "सोडला नाही, काका, मी सोडला नाही," एवढंच म्हणत होता. मी त्याला नाही नाही ते बोललो होतो. संध्याकाळी त्याचे वडील आले, त्यांनी सगळ्यांसमोर त्याच्याच थोबाडीत मारली. तेव्हा मी त्यांचा हात धरला. बरं, समजलं तुम्ही कुठे नेताय. पोराची चूक नव्हती. लिफ्टचं मत बदललेलं नाही.

लसूणचटणी
तीस किलोचा कुत्रा पस्तीस किलोच्या मुलाच्या हातात. कुत्राच त्याला फिरवत होता म्हणायचं.

गिरगावचा नाना
एक राहिलं होतं. टॉमीला बैलघोड्याला नेलं ते वडिलांचा मार चुकवायला. उंदराच्या औषधाची गोळी मोरीपाशी मीच उघडी टाकली होती. थोरल्याने स्वतःवर घेतलं आणि त्यालाच पट्टा पडला, कारण थोरला. टॉमी वाचला. साठ वर्षांत हे कोणाला सांगितलेलं नाही, आणि याचा अर्थ तुमचं सगळं बरोबर असाही नाही. पोरांना कामं लावलीच पाहिजेत. पण मोबाइल द्या परत तिचा.

मधलाच
नाना, थोरल्याला फोन करा.

गिरगावचा नाना
तो वरळीला असतो. आणि तुम्ही आपलं काम बघा.

खिडकीतली सीट
अपडेट. हा धागा मैत्रिणीला पाठवला. दोन दिवस निळ्या टिका, उत्तर नाही. आज सकाळी आलं: "तुला पोरं नाहीत म्हणून सुचतं सगळं." त्यावर मी काही लिहिलं नाही. दुपारी परत आलं: मनुकांचा डबा माळ्यावर गेलाय, डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय, मोबाइल "पुढच्या आठवड्यात बघू". बीगल ठणठणीत, काल त्याने बाबांची ऑफिसची चप्पल कुरतडली. चप्पल रॅकबाहेर बाबांनीच काढली होती. आता कोणाचा मोबाइल जप्त होणार, एवढंच विचारलंय. टिका परत निळ्या.