मदत हवी आहे: एस.वाय.बी.ए. सूक्ष्म अर्थशास्त्र, लवचिकतेचा गोंधळ

आमच्याकडे तासाला व्याख्या उतरवून घ्यायच्या, आकृती फळ्यावरून वहीत काढायची, संपलं. आकडे घालून एकही गणित नाही. त्यामुळे 'लवचिकतेचे प्रकार लिहा' जमतं, पण उदाहरण आलं की पंचाईत.

हे बघा. किंमत 20 वरून 25 रुपये झाली, मागणी 100 वरून 80 नग. साध्या टक्केवारीने लवचिकता (मागणीतला टक्के बदल भागिले किमतीतला टक्के बदल, उणे चिन्ह सोडून) 20 भागिले 25, म्हणजे 0.8. तेच उलट, 25 वरून 20 कडे गेलं की उत्तर 1.25! कारण भागाकाराचा पाया बदलतो. सरासरी घेतली (किंमत 22.50, मागणी 90) तर दोन्ही बाजूंनी 1 येतं, आणि एकूण खर्चही दोन्हीकडे 2000च. इथवर गाडी आली.

अडलंय ते पुढे. ही मागणी 180 − 4किं (किं म्हणजे किंमत) अशी सरळ रेषा धरली तर उतार सगळीकडे सारखा, लवचिकता मात्र बिंदूगणिक वेगळी. उतार आणि लवचिकता एकच समजून नोट्समध्ये 'चपटा वक्र म्हणजे लवचिक मागणी' असं सरसकट लिहिलंय, ते कुठे चालतं नि कुठे फसतं? शिवाय अर्थतज्ज्ञ मार्शलच्या प्रथेने किंमत उभ्या अक्षावर असते, तेव्हा आकृतीतला उतार −4 नव्हे, −1/4 दिसतो. परीक्षेत कोणता लिहायचा?

हिक्स आणि स्लट्स्की या अर्थतज्ज्ञांच्या पद्धतींनी किंमत परिणामाची (किंमत बदलल्यामुळे मागणीत होणाऱ्या बदलाची) पर्यायता परिणाम आणि उत्पन्न परिणाम अशी फोड आकड्यांत करून दाखवणारं मराठी साहित्य कुणाकडे आहे का? नुसत्या आकृत्या नकोत, त्या भरपूर आहेत.