हिमबिबट्या आणि आकाशगंगा एकाच फेरीत: अशी लडाख फोटो टूर घ्यावी का?

रानवाट:
माझ्या ओळखीतले बरेच फोटोवाले सध्या एकाच साच्याची सहल बुक करताहेत. लेहला उतरायचं, उले किंवा रुंबक या डोंगरी गावांत हिमबिबट्या, तिथून त्याहून उंचावरच्या हानले गावी पॅलस मांजर (दाट केसांचं छोटं रानमांजर) आणि रात्री आकाशगंगा. आठ-नऊ दिवस, दहा-बारा जण, सोबत एखादा नावाजलेला फोटोग्राफर. मार्गदर्शक घेऊन जाण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो या जोडसहलीला. ती कुणी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

मुळात ऋतूच जुळत नाहीत. हिमबिबट्या दिसण्याची शक्यता जास्त असते ती साधारण जानेवारी ते मार्च. भरल आणि आयबेक्स ही डोंगरी मेंढ्या-बकऱ्यांसारखी रानटी जनावरं खालच्या उतारांवर येतात, त्यांच्या मागे तो येतो, शिवाय तो हिमबिबट्यांच्या मीलनाचा काळ. आकाशगंगेचा गाभा, म्हणजे तिचा सर्वांत तेजस्वी मधला भाग, मात्र जानेवारीत रात्री जवळपास दिसतच नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस पहाटे क्षितिजापासून थोडाच वर दिसतो, तोही डोंगर आडवा नसेल तर. मठाच्या डोक्यावर उभी ठाकलेली आकाशगंगा जाहिरातीत असते, ती उन्हाळ्यातली. बर्फातला बिबट्या आणि ती आकाशगंगा शेजारी छापली की माणसाला वाटतं, एका आठवड्यात दोन्ही मिळतील.

आणि मुख्य चिंता जनावराची आहे. पॅलस मांजराचे पाय आखूड, पळण्यात ते कच्चं. धोका वाटला की ते दगडाला चिकटून निश्चल बसतं, हाच त्याचा बचाव. त्यामुळे चार गाड्यांनी घेरलं तरी ते जागचं हलत नाही आणि फोटोत अगदी शांत दिसतं. मुक्काम दोन रात्रींचा, बारा जणांनी पैसे मोजलेले, अशा वेळी "आता मागे फिरू" असं म्हणणारा लीडर मला तरी विरळाच दिसलाय.

ध्रुवतारा:
तुमची कळकळ पोचते, पण निष्कर्ष पटत नाही. आकाश म्हणजे फक्त गाभा हा समज आधी सोडू या. फेब्रुवारीत हानलेला संध्याकाळ विझली की पश्चिमेला झोडायकल लाइटचा, म्हणजे ग्रहांमधल्या धुळीवरून परतलेल्या सूर्यप्रकाशाचा, शंकू साध्या डोळ्यांनी दिसतो. डोक्यावर मृग, रोहिणी, कृत्तिका आणि त्यांच्या शेजारून गेलेली आकाशगंगेची फिकी बाजू. पुण्या-मुंबईच्या माणसानं हे आयुष्यात पाहिलेलं नसतं. मार्चच्या अमावस्येला गेलात तर पहाटे तीननंतर गाभाही वर येतो. म्हणजे ऋतू जुळत नाहीत असं नाही, जुळवणारा माणूस लागतो.

दुसरं म्हणजे, नोकरदार माणसाला लडाखसाठी वर्षातून दोनदा रजा कोण देणार? विमानभाडं दोनदा, गाडी दोनदा, थंडीचे कपडे आणि लेन्स भाड्यानं दोनदा. ज्यांना परवडतं त्यांनी वेगवेगळं जावं. बाकीच्यांनी घरी बसावं का?

शिस्तीबद्दल माझा अनुभव तुमच्या उलट आहे. एकेकटे येणारेच गाडीचे दिवे पूर्ण पेटवून अंधारात घुसतात. चांगला लीडर सगळ्यांच्या डोक्यावर लाल दिवा लावायला लावतो, कॅमेऱ्याची स्क्रीन मंद करायला सांगतो, खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बॅगेत बंद करून ठेवायला सांगतो, म्हणजे लेन्सवर दव धरत नाही. या गोष्टी नवख्याला कोण शिकवणार?

आंबोलीकर:
गाभ्यासाठीच जायचं असेल तर लडाख कशाला? आकाशगंगेचा मध्य आकाशातल्या विषुववृत्ताच्या दक्षिणेला २९ अंशांवर आहे. हानलेहून तो क्षितिजापासून जास्तीत जास्त २८ अंश वर चढतो, आमच्या आंबोलीतून ४५ अंशांपर्यंत. मार्च-एप्रिलच्या पहाटे सह्याद्रीच्या एखाद्या अंधाऱ्या पठारावर जा, खर्च एका टाकी पेट्रोलचा. जंगल आणि आकाश दोन्ही हवं असेल तर आपल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार जपणाऱ्या उद्यानाचा, दर्जा मिळालाय, भारतात पहिला. तिकडे का जात नाही मंडळी?

ध्रुवतारा:
आंबोलीकर, उंचीचं गणित बरोबर आहे. पण एप्रिलमध्ये आपल्याकडे धूळ आणि बाष्प असतं, गोव्याकडचा उजेड क्षितिजावर चढलेला असतो. हानलेला साधारण ४,३०० मीटरवर कोरडी हवा आहे. भारतीय खगोल वेधशाळेची दोन मीटरची दुर्बीण तिथे उगीच उभारलेली नाही. २८ अंशांवरचा गाभासुद्धा तिथे सावली पाडेल असा वाटतो.

डॉ_सातारा:
आकाश आणि बिबट्याचं तुमचं चालू द्या, मला फुप्फुसांबद्दल बोलायचंय. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य नियम आहे. लेह सुमारे ३,५०० मीटर. विमानानं तिथे उतरलात की पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती. मग उले-रुंबकला चार हजारांच्या आसपास काही रात्री, आणि त्यानंतर हानले. या क्रमानं गेलात तर जोडसहल वैद्यकीयदृष्ट्या वाईट नाही. थेट हानले गाठणाऱ्यांपेक्षा बरीच बरी. मात्र "दुसऱ्या दिवशी हानले" असा कार्यक्रम दिसला तर बुकिंग करू नका. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचं औषध स्वतःच्या मनानं घेऊ नये, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना जरूर सांगावं. आणि डोकेदुखी, मळमळ लपवून रात्री ट्रायपॉडपाशी उभं राहणं हा पराक्रम नव्हे. खाली उतरणं हाच उपचार.

लेहवारी:
कामानिमित्त लेहमध्ये राहतो, म्हणून लिहितो. तुम्ही सगळे "मार्गदर्शक" म्हणजे पुण्या-मुंबईहून येणारा फोटोग्राफर धरून चाललाय. बिबट्या तो शोधत नाही. पहाटे उणे वीसमध्ये स्पॉटिंग स्कोप लावून कडे विंचरणारे गावातले स्पॉटर बिबट्याला शोधतात. बिबट्या बहुतेक वेळा किलोमीटरभर लांब असतो. हिशोब करा: ६०० मिमी लेन्स, फुल फ्रेम कॅमेरा, एक किलोमीटर अंतर. चौकटीत साठ मीटरचा डोंगर मावतो. शेपूट सोडली तर जनावर मीटरभराचं, म्हणजे सहा हजार पिक्सेलच्या फोटोत शंभरेक पिक्सेल. हे माहीत नसलेला पाहुणा तिसऱ्या दिवशी चिडतो, "जवळ चला" म्हणतो, आणि बिघडायला तिथूनच सुरुवात होते.

म्हणून रानवाट यांच्या भीतीशी सहमत, उपायाशी असहमत. देशभरातल्या पहिल्या गणनेचे आकडे जानेवारी २०२४ मध्ये आले. भारतात ७१८ हिमबिबटे, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. हे बिबटे गावकऱ्यांच्या शेळ्या-मेंढ्यांच्या शेजारी जगतात. गोठ्यात शिरलेला बिबट्या एका रात्रीत डझनावारी जनावरं मारू शकतो, आणि पूर्वी त्याचा सूड घेतला जायचा. आज रुंबकमधल्या घरात पाहुणा उतरतो, चहा-थुकपा खातो, त्याचे पैसे त्या घराला मिळतात. हिवाळ्यात दुसरं उत्पन्न जवळजवळ नाही. सहली बंद झाल्या तर बिबट्या जिवंत ठेवण्याचं गावाचं कारणच कमी होतं.

हानलेलाही तेच. २०२२ मध्ये १,०७३ चौरस किलोमीटरचं डार्क स्काय रिझर्व्ह झालं, तेव्हा गावातल्या २४ जणांना प्रशिक्षण आणि दुर्बिणी दिल्या गेल्या, त्यात स्त्रियाही आहेत. घरांना जाड पडदे आणि मंद पिवळे दिवे लावून अंधार राखतात ते तेच. तुमच्या लीडरनं त्यांना रात्रीचे पैसे दिले का, हे कुणी विचारतं का?

रानवाट:
लेहवारी, स्पॉटरबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण सहली बंद करा असं मी लिहिलेलंच नाही. एका जागी सात-आठ रात्री राहा असं म्हणतोय. गावाला पैसे तेवढेच मिळतात, उलट जास्त. स्पॉटरला घाई नसते, पाहुण्याला संयम येतो. जोडसहलीत निम्मा पैसा डिझेलमध्ये जातो.

ध्रुवतारा, रजेचा प्रश्न खरा आहे, तो मी झटकत नाही. पण रजा कमी आहे म्हणून मांजराच्या बिळापाशी गर्दी चालेल असं होत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत जनावर हाकणं आणि आमिष दाखवणंही येतं. फोटोसाठी केलं तरी. हे किती लीडर पहिल्या संध्याकाळी सांगतात?

ध्रुवतारा:
सांगणारे आहेत, आणि मी त्यांच्याबरोबरच जातो. वाईट टूर टाळा म्हणालात तर मी तुमच्या बाजूनं. जोडसहलच टाळा म्हणालात तर नाही. मार्चच्या अमावस्येचा आठवडा, आधी उले पाच रात्री, मग हानले तीन, गट सहा जणांचा, मांजरासाठी गाडी रस्ता सोडणार नाही हे आधीच लेखी. यात जनावराचं काय नुकसान, ते सांगा.

रानवाट:
लेहची विश्रांती धरून अकरा दिवस झाले. जाहिरातीत आठ-नऊ असतात. माझा आक्षेप नेमका त्या दोन-तीन गाळलेल्या दिवसांवर आहे, आणि सहा जणांचा गट त्या दरात कुणी नेत नाही. कुणी नेत असेल तर कार्यक्रमपत्रिका इथे टाका, मी स्वतः वाचून माझं मत पुन्हा लिहीन.

लेहवारी:
टाकताना एक बघा: त्या पत्रिकेत स्पॉटरचा आणि हानलेच्या दुर्बीणवाल्यांचा मोबदला वेगळा दाखवलाय का. मी दोन्हीकडे विचारून इथे दर लिहितो, या आठवड्यात.