ठपका की खापर?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या 'यूएसएस इंडियानापोलिस' या अमेरिकन युद्धनौकेवर लेख लिहितेय. मी लिहिलं, 'जहाजाचे कप्तान मॅकव्हे यांच्यावर ठपका ठेवण्यात आला'. संपादक म्हणतात, 'खापर फोडण्यात आलं' करा. काय फरक पडतो?

– फरक आहे. ठपका वरिष्ठ ठेवतात, चौकशीनंतर, कागदावर. तो रास्तही असू शकतो. खापर मात्र बहुधा दुसऱ्याच्या चुकीचं फुटतं. तो शब्द वापरलात की निकाल तुम्हीच दिलात.

– इथे तो द्यावाच. ३० जुलै १९४५ च्या मध्यरात्रीनंतर जपानी 'आय-५८' पाणबुडीचे दोन टॉर्पेडो लागले आणि जहाज सुमारे १२ मिनिटांत बुडालं. जवळपास ९०० माणसं पाण्यात. फिलिपिन्समधल्या लेटेला जहाज पोचायचं होतं. ते आलं नाही, तरी कुणी 'कुठे राहिलं?' म्हणून विचारलं नाही. लढाऊ जहाज पोचल्याची खबर देऊ नका असा हुकूम होता. न पोचल्याचीही द्यायची नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला! २ ऑगस्टला एक वैमानिक विमानामागे लोंबणाऱ्या एरियलच्या खटपटीत असताना त्याला खाली तेलाचा तवंग दिसला, म्हणून ३१६ जण वाचले. किनाऱ्यावरच्यांची ती 'हयगय'. त्यांना ताकीदपत्रं मिळाली, हा ठपका. पुढे तीही मागे घेतली.
मॅकव्हेंवर मात्र कोर्ट मार्शल. पाणबुडीचा नेम चुकावा म्हणून जहाज नागमोडी न्यायचं, ते नेलं नाही ही 'कसूर'. वास्तविक तसं न्यायचं की नाही, हे त्यांच्यावरच सोपवलेलं होतं. पाणबुडीचा कप्तान हाशिमोतो याला साक्षीला अमेरिकेत आणलं. नागमोडीने काही फरक पडला नसता, असं तो म्हणाला. तरी दोषी! संपादकांचं ऐका.

प्रश्न : पटलं. मग '२००० मध्ये दोषमुक्त केलं' चालेल?

– जपून. शिक्षा १९४६ मध्येच माफ झाली होती, पण कोर्टाचा निकाल रद्द झालेला नाही. अमेरिकन काँग्रेसने ठराव केला, तो २००१ मध्ये नौदलाने त्यांच्या सेवानोंदीत लावला. 'कलंक पुसला' म्हणा हवं तर. मॅकव्हेंनी १९६८ मध्येच आत्महत्या केली होती.

– तुमच्या लेखाच्या शीर्षकातलं 'फसलेलं बचावकार्य'ही खटकतं. फसायला आधी प्रयत्न व्हावा लागतो. इथे साडेतीन दिवस शोधायला कुणी निघालंच नव्हतं. 'न आलेली मदत' कसं वाटतं?