दाबलं जाणारं पिल्लू लगेच वेगळं काढू नका
एकांनी सुचवलंय, की बंदिस्त लांडग्यांच्या कळपात इतरांकडून सारखं दाबलं जाणारं पिल्लू लगेच वेगळं काढावं. मला हे पटत नाही. मोठ्या लांडग्याने पिल्लाचं थोबाड तोंडात धरणं, त्याला आडवं पाडणं ही बहुतेकदा शिस्तच असते. सुटल्यावर ते पुन्हा खेळायला जातं का, त्याला पोटभर मिळतं का, हे बघा. मांस एकाच जागी न टाकता लांब लांब टाका, वजन नियमित घ्या. वजन अडलं किंवा जखमा दिसल्या, तर मात्र वेगळं काढायला थांबू नका.

आणि कृपा करून ‘अल्फा’चे, म्हणजे ‘दांडगाईने झालेला कळपाचा म्होरक्या’ असले, शिक्के नकोत! ती कल्पना प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या, बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांतून पसरली. रानातला कळप म्हणजे सहसा आईबाप आणि त्यांची पोरं. नोंदवहीत कोणी कोणाला काय केलं, तेवढंच लिहा.