लेकीनं साखळीचोराचं वकीलपत्र घेतलंय, सोसायटीला काय सांगू?

कळव्याचा बाप
माझी लेक ठाणे कोर्टात वकिली करते, चौथं वर्ष. विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे गरजूंना फुकट वकील देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पॅनलवर आहे. गेल्या महिन्यात तिच्याकडे साखळीचोरीतला एकोणीस वर्षांचा पोरगा आला. पंचाईत अशी, की साखळी गेली त्या आजी शेजारच्याच सोसायटीतल्या. काल लिफ्टमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "काका, मुलीला दुसरी कामं मिळत नाहीत का?" हसून वेळ मारून नेली, पण लागलं.

परवा डबा द्यायला कोर्ट नाक्याला गेलो होतो. पोराची आई पदराच्या गाठीतून शंभराच्या दोन नोटा काढून लेकीच्या हातात कोंबत होती. लेकीनं त्या परत पदरात बांधून दिल्या. "मावशी, या कामाचे मला तुमच्याकडून पैसे घेता येत नाहीत."

मला पटतं. पण सहा मजले उतरेपर्यंत दुसऱ्याला पटेल असं काय बोलू? आणि तिला नाही म्हणता आलं असतं का?

कोर्टनाका_वकील
काका, नाही म्हणायला खास कारण लागतं, तसा बार कौन्सिलचा नियमच आहे. 'लोक काय म्हणतील' हे त्यात बसत नाही. कोइम्बतूरच्या वकिलांनी एकदा ठराव केला होता, एका भांडणातल्या पोलिसांचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली असले ठराव बेकायदा ठरवले. सोसायटीत एखादे हवालदार असतीलच, त्यांच्यादेखत सांगा.

ऐरोलीची_सून
माझ्या सासूबाईंचं मंगळसूत्र स्टेशनबाहेर ओढलं. मानेवरचा वळ महिनाभर होता. चोराला वकील फुकट, आणि आम्ही रजा टाकून तारखेला जायचं तर साहेब रजेवर! सेक्रेटरींचं अगदीच चुकलं असं नाही.

निवृत्त_शिरस्तेदार
सूनबाई, राग रास्त आहे. पण सासूबाईंनाही वकील फुकट मिळाला असता. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 बघा: बाई असो की कोठडीतला आरोपी, उत्पन्नाची अट नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, हे आम्हा कोर्टवाल्यांचं पाप.

आरोपीला वकील नसला की खटला लवकर आटपेल असं वाटतं. दिल्लीतल्या 1997 च्या बसस्फोटाच्या खटल्यात बहुतेक साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायला वकीलच नव्हता. फाशी झाली, हायकोर्टात कायमही झाली. 2012 साली सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली आणि खटला पुन्हा चालवायला लावला. पंधरा वर्षांनी! ज्यांची माणसं गेली त्यांनी परत तेच ऐकायचं. कच्चं काम फिर्यादीच्याच अंगावर येतं, हे मी फायली बांधता बांधता बघितलंय.

कळव्याचा बाप
शिरस्तेदारसाहेब, हे सेक्रेटरींना ऐकवतो. एक राहिलं. आजींची साखळी पोलिसांना सापडलीय, मुद्देमालात पडून आहे. खटला संपायच्या आधी बंधपत्रावर ती परत मागता येते ना? आजींना जाऊन सांगू?

कोर्टनाका_वकील
मागता येते, पण तुम्ही अजिबात जाऊ नका! लेक आरोपीची वकील आहे. उद्या कुणीतरी म्हणेल, फिर्यादीला फिरवायला बापाला धाडलं. आजी स्वतःच सरकारी वकिलांना विचारतील.

कळव्याचा बाप
बरं झालं विचारलं, चप्पल घालूनच बसलो होतो. आता ही केस संपेपर्यंत जिना.